ताईच्या घरावरचा टॉवर

ऑफिसात त्याला सगळे डोंगऱ्या म्हणत. मोबाइलच्या टॉवरसाठी जागा पाहायच्या, मोजायच्या आणि ती जागा चालेल की नाही याचा अहवाल द्यायचा, हे त्याचं काम. डोंगरातली कुठलीही जागा निघाली की ती आपसूक त्याच्या गळ्यात पडायची. त्याची तक्रार नव्हती. शहरातल्या गच्चीवर लिफ्टने जाता येतं, वॉचमन खुर्ची देतो आणि जेवायच्या वेळेपर्यंत माणूस मोकळा होतो. डोंगरात पाय तुटतात, पण दर चांगला मिळतो. त्या दरावरच त्याने लेकीचं शिक्षण आणि दोन खोल्यांचं भाडं निभावून नेलं होतं.

पूर्वी त्याला पगार होता. मग मोठ्या कंपनीने सर्व्हेचं काम बाहेर दिलं, ज्याला दिलं त्याने ते आणखी खाली दिलं, आणि डोंगऱ्या सगळ्यात खालच्या कंपनीत येऊन पोचला. वरून एका जागेचे जे पैसे निघत, त्यातून वाटेतला प्रत्येक जण आपला घास काढून घेई. शिवाय जागा पास झाली तर पूर्ण पैसे, नापास झाली तर निम्मे. चालायचं तेवढंच, मोजायचं तेवढंच, फक्त शेवटी ‘चालणार नाही’ लिहिलं की निम्मे. हा नियम कुणी केला ते ऑफिसात कुणालाच सांगता येत नव्हतं.

बायको कपडे शिवून देण्याच्या दुकानात होती. तिला हा नियम पहिल्यांदा कळला तेव्हा ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “म्हणजे पेपर डोंगराचा आणि मार्क तुमचे कापणार.”

यंदा त्यात आणखी एक भर पडली होती. ज्याच्या जास्त जागा पास होतात त्याला पुढच्या चांगल्या जागा, बाकीच्यांना उरलेल्या. टॉवरवर चढायचा दाखला असेल तर दर आणखी वर जायचा, आणि कॉम्प्युटरवर आराखडा काढता आला तर त्याहून वर. डोंगऱ्याकडे चढायचा दाखला होता, तोही संपत आलेला. कॉम्प्युटरशी त्याचं फारसं जमलं नव्हतं. डोंगराच्या जागा हाच काय तो त्याचा आधार.

म्हणून नव्या कामात ताईच्या वस्तीचं नाव दिसलं तेव्हा त्याला दुहेरी आनंद झाला.

त्याची थोरली बहीण डोंगराच्या कुशीतल्या एका लहान वस्तीत दिलेली होती. तिथे रेंज म्हणून नव्हती. फोन करायचा तर ताई पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर चढायची, एका हाताने नळी धरायची, आणि त्या बोलण्यात निम्मा वेळ ‘ऐकू येतंय का रे’ यातच जायचा. मागच्या वर्षी वस्तीतली एक बाळंतीण डॉक्टरला वेळेत कळवता आलं नाही म्हणून गेली होती. तेव्हापासून वस्तीतला प्रत्येक माणूस भेटला की त्याला एकच विचारायचा, तुम्ही त्याच कामात आहात ना, मग आमच्याकडे कधी?

कॉम्प्युटरने वस्तीच्या वरची जी जागा सुचवली होती ती नेमकी ताईच्या नवऱ्याची निघाली. दाजींच्या बागेच्या वरचा माळ, जिथे मेंढ्यांशिवाय कुणी जात नसे.

“माझ्या बहिणीची जागा आहे,” त्याने साहेबांना सांगितलं. “दुसऱ्या कुणाला पाठवायचं तर पाठवा.”

“उलट बरंय की,” साहेब म्हणाले. “मालकाच्या संमतीसाठी खेटे नकोत.”

तो गेला तेव्हा दाजी त्याला घ्यायला फाट्यापर्यंत आले होते. एरवी कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी वाटभर बोलत होता. टॉवरच्या जागेला महिन्याचं भाडं मिळतं हे त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. किती, ते डोंगऱ्याला ठाऊक होतं. त्याच्या स्वतःच्या महिन्याच्या कमाईपेक्षा ते जास्त होतं. त्याने सांगितलेला आकडा ऐकून दाजी मध्येच उभे राहिले आणि म्हणाले, “नुसतं उभं राहण्याचे एवढे?”

“टॉवर उभा राहणार, दाजी. तुम्ही बसून राहायचं.”

दाजी मनापासून हसले.

माळावर तो दुपारपर्यंत होता. जागा खरंच चांगली होती. मातीखाली हातभरावर खडक लागत होता. समोरच्या डोंगरावरचा टॉवर दुर्बिणीतून स्वच्छ दिसत होता, आणि दोन टॉवरना एकमेकांचं तोंड दिसणं हे या कामात सगळ्यात महत्त्वाचं. त्याने चारही बाजूंचे फोटो काढले, उंची टिपली, विजेचा खांब किती लांब आहे ते टेपने मोजलं. मनातल्या मनात जागा पास करून टाकली.

मग तो टॉवरचं सामान वर कसं येईल ते पाहायला निघाला. वर यायला फक्त पायवाट होती. ट्रक यायचा तर रस्ता खोदावा लागणार होता, आणि खोदायला एकच बाजू होती, बागेच्या वरचा उतार. तो उतार तिरका कापत रस्ता जाणार, त्याच्या खाली तीन घरं, त्यातलं पहिलं ताईचं.

उतारावरची झाडं त्याने ताईच्या लग्नापासून पाहिलेली होती, पण नीट आता पाहिली. प्रत्येक झाडाचं खोड बुडाशी वाकून मग वर सरळ गेलं होतं. माती हळूहळू सरकते तिथे झाडं अशी होतात. झाड आपलं सरळ वाढू पाहतं आणि पायाखालची जमीन त्याला पुढे ढकलत राहते. खालच्या दगडी बांधाला मध्यभागी पोट सुटलं होतं. एके ठिकाणी पाऊस नसतानाही गवत ओलं होतं. उतार आजवर उभा होता तो खालच्या मातीने वरच्या मातीला टेकू दिला होता म्हणून. रस्त्यासाठी तो टेकूच कापला जाणार होता.

तो तिथेच एका दगडावर बसला. बाग बघत दाजी मागून आले.

“काय झालं? दमलास?”

“नाही. रस्त्याचं बघतोय.”

“रस्त्याचं काय, मशीन लावलं की दोन दिवसांत होतो.”

जेवताना त्याने विषय काढला. उताराची माती सरकती आहे, रस्ता कापला तर घरांना धोका आहे, असं त्याने शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं. दाजींची ऐंशी पार केलेली आई आतल्या पलंगावर होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून तो हळू बोलत होता. दाजींनी ताटातला हात थांबवला.

“माझ्या आजोबांनी बांधलंय हे घर. आजवर एक दगड हलला नाही.”

“आजवर कुणी वरचा उतार कापलाही नाही.”

“मग तू काय लिहिणार?”

“दिसलं ते लिहावं लागेल, दाजी.”

दाजी उठून हात धुवायला गेले. ताईने त्यांचं ताट उचललं. तो निघाला तेव्हा ती फाटकापर्यंत आली आणि त्याच्या पिशवीत फळं भरत म्हणाली, “तुला जे लिहायचं ते लिही, धाकट्या. यांचं मी बघते.”

त्याने लिहिलं. माळावरची जागा योग्य, पण तिथे जाणारा रस्ता खालच्या घरांसाठी धोक्याचा, म्हणून जागा चालणार नाही. ओढ्यापलीकडे दुसरी जागा पाहावी.

साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. “हा शेवटचा शेरा कशाला?”

“रस्ता केला तर उतार खाली येईल.”

“रस्ता आपल्याकडे येतच नाही. आपण टॉवरची जागा बघतो. जागा पक्की आहे की नाही?”

“जागा पक्की आहे.”

“मग पक्की लिहा. रस्त्याचं बांधकामवाले बघतील.”

“ते खालच्या घरांचं बघतात का?”

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. वाईट माणूस नव्हता. त्यालाही वरून रोज विचारणा होत होती. “ओढ्यापलीकडच्या मालकाने दुप्पट भाडं मागितलंय,” ते म्हणाले. “ती जागा वरचे घेणार नाहीत. तुमची ही नापास झाली तर वस्तीला टॉवरच नाही. आणि या वर्षी तुमच्या किती जागा नापास झाल्यात ते मी सांगायला हवं का?”

डोंगऱ्याने शेरा बदलला नाही. त्यात काही शौर्य होतं असं त्याला वाटलं नाही. त्या जागेचे निम्मे पैसे आले आणि पुढच्या महिन्यापासून त्याला डोंगर मिळायचे बंद झाले. शहरातल्या गच्च्या, त्याही कमी दराच्या. लेकीने विचारलं, “बाबा, आता तुम्हाला गच्च्या म्हणायचं का?” तो हसला, पण बायकोने लेकीकडे डोळे वटारून पाहिलं.

दाजींचा फोन मात्र आला. त्यासाठी ते मुद्दाम टाकीवर चढले असणार. वाऱ्याच्या आवाजातून तुटक तुटक शब्द ऐकू आले, तरी अर्थ पुरता पोचला. सख्खा भाऊ असून तू बहिणीच्या घरात येणारं भाडं अडवलंस. आमचं चार पैशांनी बरं झालेलं तुला बघवत नाही.

भाड्याचा आकडा ऐकून दाजी हसले होते तेव्हा आपल्या मनात क्षणभर काहीतरी टोचलं होतं, हे त्याला नाकारता येईना. पण उतार तर खराच होता. की टोचल्यामुळे तो जास्त खरा दिसला? त्याने माळावरचे फोटो पुन्हा उघडून पाहिले. खोडं वाकलेलीच होती.

काही दिवसांनी त्या जागेचा सर्व्हे पुन्हा करायला साहेबांनी ऑफिसातल्या दुसऱ्या सर्व्हेवाल्याला, सगळे ज्याला चष्मा म्हणत त्याला, पाठवलं. चष्मा त्याच्यापेक्षा वयाने लहान, कामात चोख, नुकताच बाप झालेला. त्याने जागा पास केली. चहाच्या टपरीवर तो स्वतःहून डोंगऱ्याजवळ येऊन उभा राहिला.

“तू लिहिलेलं मी वाचलं होतं,” तो म्हणाला. “रस्त्याचं तू म्हणतोस ते मलाही दिसलं.”

“मग?”

“मला टॉवरच्या जागेचं विचारलं होतं. तेवढंच लिहिलं. मीही नापास केली असती तर तिसऱ्याला पाठवलं असतं. त्याला नसतं जमलं तर चौथ्याला. मला रागाव हवं तर.”

डोंगऱ्याला रागावता आलं नाही. चष्मा म्हणत होता ते खोटं नव्हतं.

त्याने आपल्या परीने सगळे दरवाजे ठोठावले. वरच्या कंपनीत गेला, तिथल्या बाईंनी त्याला प्यायला पाणी दिलं आणि तुमच्याच ऑफिसमार्फत या म्हणून सांगितलं. बांधकामाच्या इंजिनिअरला त्याने फोन लावला. इंजिनिअरने मध्ये एकदाही न तोडता सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही म्हणता त्यात तथ्य असू शकतं,” इंजिनिअर म्हणाला. “पण मला पाया आणि रस्ता एवढंच काम दिलंय. खालच्या घरांची तपासणी करायची तर ते काम कुणीतरी द्यायला हवं, त्याचे पैसे धरायला हवेत. ते धरलेले नाहीत.”

शेवटी तो वस्तीवर गेला. शाळेच्या खोलीत माणसं जमली होती. त्याने कागदावर उतार काढून दाखवला, रस्ता कुठून जाईल ते दाखवलं. लोकांनी शांतपणे पाहिलं. मग त्या गेलेल्या बाळंतिणीची आई मागच्या बाकावरून उठली.

“रस्ता केला तर कदाचित घर पडेल म्हणतोस,” ती म्हणाली. “फोन नव्हता म्हणून माझी मुलगी गेली, त्यात कदाचित नव्हतं.”

त्याने कागदाची घडी घातली. दाजी दाराजवळ उभे होते, त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

उन्हाळ्यात रस्ता कापला गेला आणि टॉवर उभा राहिला. त्याने तो पाहिला नाही, पण ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवशी त्याला कळलं, कारण ताईचा फोन आला. आवाज इतका स्वच्छ की ती शेजारच्या खोलीतून बोलते आहे असं वाटावं. चुलीवरच्या झाकणाचा आवाज येत होता.

“स्वयंपाकघरातून बोलतेय,” ती म्हणाली. “बसून. खुर्चीवर.”

त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच भीती वाटली. त्यानंतर ती रोज फोन करू लागली. काय शिजवलं, सासूबाईंनी औषध घेतलं का, बागेत कुठल्या झाडाला कीड लागली. भाडं सुरू झालं होतं. आलेल्या अनामत रकमेतून छप्पर नवं झालं, मुलाची शिक्षणाची फी भरली गेली. तो ऐकत असायचा आणि मध्येच विचारायचा, ओढ्याचं पाणी गढूळ येतंय का? भिंतीला कुठे चीर? ताई म्हणायची, नाही रे बाबा, आणि दुसरं काही सांगू लागायची.

पावसाळा सुरू झाल्यावर एक दिवस ती बोलता बोलता म्हणाली, “मागचं दार अडकायला लागलंय. सुतार येऊन तासून गेला.”

“पावसाने फुगलं असेल,” तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “वरून अडकतंय की खालून?”

“वरच्या कोपऱ्यात. का रे?”

फुगलेलं दार सगळीकडून अडकतं. एकाच कोपऱ्यात अडकलं म्हणजे चौकट तिरकी झाली. दुसऱ्या दिवशी त्याने गच्चीचं काम चष्म्याला दिलं आणि मिळेल त्या गाडीने वस्तीवर पोचला. गच्चीचे पैसे अर्थात चष्म्याला मिळणार होते.

दाजी अंगणात होते. त्याला पाहून ते सोबत निघाले. दोघं नव्या रस्त्यापर्यंत चढले. रस्त्याच्या वरच्या अंगाला, गवतात, जमीन चंद्रकोरीसारखी फाटली होती. फटीत त्याने हात घातला तर कोपरापर्यंत गेला. वर टॉवर खडकावर ताठ उभा होता, त्याला काहीच झालं नव्हतं.

दाजी फटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मला दिसली होती ही. आठवडा झाला.”

“ताईला सांगितलंत?”

“तिनेच मला दाखवली.”

खाली घराच्या धुराड्यातून धूर निघत होता.

“तू सांगितलं होतंस,” दाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच डोंगऱ्याला सोसेना. “आता काय करू ते सांग.”

एवढे महिने याच प्रश्नाची त्याने वाट पाहिली होती असं त्याला वाटलं. आणि सांगण्यासारखं काही नव्हतं. करार वीस वर्षांचा होता. अनामत छपरात गेलेली. अंथरुणाला खिळलेली म्हातारी, बाग, मेंढ्या. त्याच्या दोन खोल्यांत पाहुण्याला झोपवायचं तर त्यालाच बाहेर निजावं लागे.

“सामान थोडं बांधून ठेवा,” तो म्हणाला. “जोराचा पाऊस लागला की शाळेत जा. पाऊस थांबला तरी लगेच परतू नका.” स्वतःचाच सल्ला त्याला फार तोकडा वाटला.

टॉवरवाल्यांना कळवल्यावर त्यांचा माणूस आला. त्याने पाया तपासला, टॉवर सुरक्षित आहे असं लिहून नेलं, आणि फटीवर निळं प्लास्टिक टाकून दगड ठेवून गेला. शेजारी एक पाटी लावली, ‘येथे थांबू नये’. पाटीखाली तीन घरं राहत होती.

निघण्यापूर्वी ताईने त्याला चहा दिला. ती जवळ बसली तेव्हा त्याने विचारलं, “तुला माहीत होतं तर फोनवर का नाही बोललीस?”

“बोलून काय झालं असतं? तू कामधंदा सोडून धावत आला असतास. पहिल्या दिवशीच मला पटलं होतं, धाकट्या. तू कधी उगाच बोलत नाहीस. पण घरात भाडं येणार म्हणून हे एवढे खुश, वस्तीतल्या बायका माझ्या दारात येऊन बसायच्या. मी एकटीने नको म्हणून काय होणार होतं?”

तो परत आला. गच्च्या सुरू राहिल्या. एका जागेच्या पैशांत आता घरभाड्याचा थोडासा भागही निघत नव्हता. बायकोने दुकानातलं काम वाढवून घेतलं. ऑफिसात त्याने डोंगराची जागा पुन्हा मागितली तेव्हा साहेब म्हणाले, “तुमचं प्रमाण वर येऊ द्या.” म्हणजे पास करत जा.

त्यानंतर तो पास करू लागला. गच्च्यांमध्ये नापास करण्यासारखं तसं फार नसतंही, तो स्वतःला सांगायचा. पण एका जुन्या इमारतीच्या स्लॅबला त्याला बारीक चीर दिसली तेव्हा त्याने बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं. मग लिहिलं, जागा योग्य. तपासणी बांधकामवाले करतील.

एका दुपारी तो अशाच एका गच्चीवर होता. आकाश भरून आलं होतं, डोंगराकडच्या बाजूला तर काळंच. फोन वाजला.

“आम्ही निघतोय,” ताई म्हणाली. “शाळेकडे. मागची भिंत करकरतेय. यांनी आणि शेजारच्यांनी सासूबाईंना खुर्चीवर घेतलंय. फोन ठेवू नकोस.”

“नाही ठेवत. तू चाल.”

तो गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बसला. फोनमधून पावसाचा आवाज येत होता, चिखलातली पावलं, दाजींचं ‘हळू, हळू’, म्हातारीचं विचारणं की मला कुठे नेताय. ताई अधूनमधून सांगत होती, टाकीच्या ओट्यापाशी आलो, वळणावर आलो. तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता आणि त्याला इथून एक बोटही लावता येत नव्हतं. तो फक्त म्हणत राहिला, हं. हं. मी आहे.

“पोचलो,” शेवटी ती म्हणाली. तिला धाप लागली होती. “सगळे आत आलो.”

“घर?”

“इथून दिसत नाही. धुकं आहे.” मागे कुणीतरी तिला हाक मारली. “ठेवते आता. सासूबाईंचे कपडे बदलायचेत.”

घर त्या दिवशी पडलं नाही. मागची भिंत खचली, तिला लाकडाचे टेकू दिले, आणि चार दिवसांनी ती माणसं परत तिथेच राहायला गेली, कारण शाळा भरायची होती. पण हे सगळं नंतर कळलं. त्या दुपारी त्याला काहीच ठाऊक नव्हतं. इमारतीचा वॉचमन वर येऊन म्हणाला, पाऊस येतोय, तुमचं उरकलं का? तो उठला, टेप उलगडला आणि वॉचमनला त्याचं दुसरं टोक धरायला सांगितलं.